उसात मारला की आऊट

साहेब, तुम्ही दौंडच्या मैदानावर मांडवाखाली खुर्चीत बसून जिल्ह्याची मुलींची बेसबॉल टीम निवडलीत, आणि त्या अख्ख्या सकाळी बॅटवरून निघालेला एकही बॉल बघितला नाहीत. कागद बघितलात. चहा बघितलात. कुणाचा मामा कोण तेही बघितलंत. बॉल नाही. हा माझा आरोप आहे. तो मी त्याच दिवशी तुमच्या तोंडावर केला होता, त्यामुळं हा माणूस मागून बोलतो असं म्हणायची तुम्हाला सोय नाही.

तुमचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नावावर भांडतात आणि मुद्दा चपला घालून निघून जातो. तुम्हाला ठाऊक असलेलं पण पुन्हा सांगणार आहे, कारण हे तुमच्याशिवाय बाकीचेही वाचतील, आणि त्यांनी तुमच्यासारखी वीस वर्षं या खेळात खुर्ची उबवलेली नाही.

मी नागसेन. वडगाव रासाईचा. रांजणगावला एका कारखान्यात पार्ट तपासायच्या कामावर आहे, कंत्राटी. माया माझ्या थोरल्या भावाची पोरगी. एकोणीस वर्षांखालच्या टीमसाठी तिचं हे शेवटचं साल. राज्याच्या स्पर्धेत खेळली, तिथं पदक मिळालं, तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर तिचा हक्क लागतो. नाहीतर पुढच्या वर्षी वय निघून जातं आणि बॅट चुलीत. एवढी साधी गोष्ट आहे. यात देशभक्ती वगैरे काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, वडगाव रासाईत बेसबॉल कुठून आला? महेंद्र सरांनी आणला. हायस्कूलला खेळाचे मास्तर होते. पहिल्याच दिवशी पोरींना म्हणाले, "क्रिकेटच्या रांगेत उभ्या राहिलात तर पुढं अख्खा महाराष्ट्र उभा आहे. बेसबॉलच्या रांगेत शहाणी माणसं असतात, आणि शहाणी माणसं कायम थोडी." पहिली बॅट आमच्याच सुतारानं बाभळीची करून दिली होती. ती उचलली की खांदा उतरायचा. मायानं ती वर्षभर फिरवली. नंतर खरी बॅट आली तेव्हा ती मला म्हणाली, "तात्या, ही आतनं पोकळ हाय का?"

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पिचर बॉल टाकतो, तो मारायचा आणि बेसवर, म्हणजे मैदानात मांडलेल्या ठरावीक टप्प्यांवर, पळायचं. हवेत झेलला तर आऊट. जमिनीवरून गेला आणि तुमच्या आधी बॉल बेसवर पोचला तरी आऊट. आणि बॉल हवेतून पार मैदानाच्या बाहेर गेला तर होमरन. त्याच्यावर फटका नाही. पोरगी चालत चालत, केसांच्या पिना सारख्या करत सगळे बेस फिरून मारल्या जागी परत आली तरी चालतं.

आमचं मैदान म्हणजे सोपानरावांचं पडीक रान. समोर त्यांचाच ऊस, डाव्या हाताला त्यांच्या मंडळींच्या, धुरपदावैनींच्या, कांद्याच्या रोपाचे वाफे. त्यांची धाकटी पोरगी पिंकी आमच्याच टीममध्ये, म्हणून रान मिळालं. सगळं छान चाललं होतं. मग उसात बिबट्या दिसला.

बिबट्या दिसला म्हणजे शेपूट दिसलं. कुणी म्हणालं मांजर होतं. पण सोपानरावांची कालवड गेली आणि मांजराचा विषय संपला. दुसऱ्या दिवशी आबा, म्हणजे सोपानराव, मैदानावर आले. गावात सगळे त्यांना आबाच म्हणतात, पिंकीसुद्धा. काठी टेकून उभे राहिले.

"पोरींनो, आजपास्नं उसात बॉल मारंल ती आऊट."

पिंकी म्हणाली, "आबा, आवो तो होमरन असतो."

"आसंल. जनावराला होमरन कळतो व्हय? बॉल आत गेला की तुमी मागं जाणार. आऊट म्हणलं की कोण मारणार न्हाई, आन् कोण आत बी जाणार न्हाई."

नियम म्हणून बघितलं तर बिनतोड. माणूस म्हणून बघितलं तर त्याहून बिनतोड. मी स्वतः मान हलवली. बाहेरच्या गावांच्या टीमा खेळायला आमच्याकडंच यायच्या, कारण एवढं मोठं मोकळं रान दुसरीकडं नव्हतं. त्यांनीही नियम मान्य केला. बिबट्याच्या बाबतीत गावोगावी एकमत असतं.

महेंद्र सर तीन वर्षं प्रत्येक मॅचचा हिशोब लिहायचे. मास्तर म्हणून माणूस सोन्यासारखा, पण अक्षर आणि प्रामाणिकपणा दोन्ही गरजेपेक्षा जास्त. मायानं बॉल उसात घातला की ते लिहायचे 'आऊट'. उसात गेला म्हणून आऊट, असं लिहायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. आमच्यापैकी कुणाच्याच आलं नाही. आम्हाला सगळ्यांना माहीतच होतं ना! जे सगळ्या गावाला माहीत असतं ते कुणी लिहीत नाही.

सरांची बदली झाली. जाताना त्यांनी तीन वर्षांची बेरीज करून तुमच्याकडं पाठवली. त्यात पिंकी शंभरातल्या बेचाळीस वेळा बेसवर सुखरूप पोचलेली. माया एकोणीस वेळा.

एकोणीस! साहेब, त्या पोरीनं तीन वर्षांत उसात एवढे बॉल घातले की तोडणीला आलेल्या टोळीनं निम्मी टोपली भरून परत आणून दिले. "दादा, तुमच्या उसाला फळं धरलीत," म्हणाले. त्यातला एकेक बॉल तुमच्या कागदावर तिचा गुन्हा म्हणून लागला आहे.

बरं, तेव्हा हे मला तरी कुठं कळलं होतं! मीही आकडा बघून मायाला म्हणत होतो, "अगं पिंकीसारखं बघून मार की जरा." कळलं ते धुरपदावैनींच्या भांडणामुळं.

झालं असं, की ऊस बंद झाल्यावर माया जमेल तेव्हा हात वळवून डावीकडं मारायला लागली. डावीकडं कांद्याचं रोप. तिथं मारलं तर आऊट नव्हतं, पण प्रत्येक टीमला ते माहीत. त्या तिकडं दोन दोन पोरी उभ्या करायच्या आणि झेलायच्या. पुन्हा आऊट. एकदा वैनी हातात बॉल घेऊन तणतणत आल्या.

"नागसेनभाऊ, ह्यो बॉल तुमच्या मायाचा."

"कशावरनं? नाव लिहिलंय का त्याच्यावर?"

"नाव कशाला पायजे? आमच्या पिंकीचा बॉल गडगडत येतो. पात लवती, परत उठती. हिचा आला की रोप घेऊनच खाली जातो. चला, दावते खड्डा."

गेलो. बघितलं. रोपात मुठीएवढा खड्डा, आणि बॉल मारल्या जागेपासून एवढा लांब, की मी वळून बघितलं तर माया अंगठ्याएवढी दिसत होती.

तिथं उभ्या उभ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्या कारखान्यात एकदा असाच घोळ झाला होता. एका मशीनचे पार्ट सगळे रिजेक्ट. सुपरवायझर म्हणाला मशीन भंगारात काढा. मशीन ठणठणीत होतं. त्याच्या तोंडाखाली कुणीतरी रिजेक्टचा लाल डबा ठेवला होता, बस. चांगला माल लाल डब्यात पडत होता आणि आम्ही डबा मोजत होतो.

मग मी विचार करायला लागलो. बॅटर पोरीच्या हातात काय असतं? बॉल किती जोरात निघाला, आणि किती वर किंवा खाली निघाला. एवढंच. पुढं तो कुणाच्या हातात जातो, दगडावर आपटून कुठं उडतो, समोरची पोरगी झोपली होती की जागी, हे तिच्या हातात नाही. आणि मैदान बदललं, समोरच्या पोरी बदलल्या, की हे सगळं बदलतं. बॅटवरून बॉल निघायची तऱ्हा मात्र पोरीबरोबर एस्टीत बसून जाते. आज किती वेळा सुखरूप पोचली हा कालचा हिशोब झाला. उद्या राज्याच्या मैदानावर काय करील हे बघायचं असेल तर बॉल निघतो कसा ते बघा.

हे मी पोरींना सांगितलं तर पिंकी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मंग तात्या, मी काय तीन वर्सं वाळू उपसली का?"

"तसं न्हाई गं. तुझं रान खडकाळ. बॉल गडगडत जातो, दगडावर उडतो, पोरींच्या डोक्यावरनं जातो. गुळगुळीत मैदानावर तोच बॉल सरळ हातात जाईल."

"आन् मी पळते त्ये?"

"पळतीस ते खरं."

"पळणं काय फुकाट मिळतं व्हय?"

बरोबर होतं तिचं. पिंकी चांगलीच आहे, साहेब. तुम्ही तिला घेतलंत त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तुम्ही तिला कशासाठी घेतलंत हे तुम्हाला ठाऊक नाही.

आता सगळ्यांना दिसेल असं करायचं होतं. बॉलचा वेग मोजायची रडार बंदूक आमच्याकडं नाही. तुमच्याकडंही नसावी, असती तर तुम्ही तिच्यावर चष्मा ठेवला असता. आमच्याकडं वाफसा आहे. रानाला पाणी दिल्यावर एक वेळ अशी येते की माती चिखल राहत नाही आणि ढेकूळही होत नाही. बोट दाबलं तर बोटाचा ठसा राहतो. वैनींचं कांदा लागणीचं रान नेमकं वाफशावर आलं होतं, कुळवून सपाट, पाटीसारखं.

वैनी म्हणाल्या, "उद्या बाया लागणीला येणारेत. आज काय धिंगाणा घालायचा त्यो घाला. पण रानात चपला घालून कुणी शिरायचं न्हाई."

बांधावर बेस मांडला. पिचर एकच ठेवली, सगळ्यांना सारखीच टाकणारी. चार पोरींनी सारखेच बॉल खेळले. झेलायला कुणी नाही, आऊट नाही, सेफ नाही. बॉल जिथं पडला तिथं खूण. मायाच्या खड्ड्यात तुरीची काडी, पिंकीच्या जागी कांद्याची पात, बाकी दोघींच्या जागी पाचट.

झाल्यावर सगळे बांधावर उभे राहून बघायला लागलो. कांद्याची पात सगळी अलीकडं, आणि तिथं खड्डे नव्हतेच, बॉल लोळत गेल्याच्या रेघा होत्या, गोगलगाय गेल्यासारख्या. पाचट इकडं तिकडं सांडलेलं. आणि तुरीच्या काड्या? त्या पार पलीकडच्या बांधाला लागून दाटीवाटीनं उभ्या, बाजाराच्या दिवशी एस्टीला थांबलेल्या माणसांसारख्या. दोन बॉल तर पलीकडच्या पाण्याच्या चारीत गेले, त्यांना काडीच लावता आली नाही.

खरं ते सांगतो. मायानं पाच-सहा वेळा नुसती हवाच मारली. तिची बॅट जोरात फिरते म्हणून चुकते पण जास्त. पिंकी एकदाही चुकली नाही. दोन्ही गोष्टी रानात दिसत होत्या. ज्याला डोळे आहेत त्यानं दोन्ही बघाव्यात.

धुरपदावैनी पदर खोचून म्हणाल्या, "म्हंजी आमची पिंकी आपल्या दारात सडा टाकती, आन् माया शेजाऱ्याच्या."

आबा म्हणाले, "आन् मी तीन वर्सं शेजाऱ्याच्या दारात टाकला म्हणून पोरीला आऊट देतोय." एवढं बोलून काठी घेऊन निघून गेले. रात्री जेवले नाहीत असं पिंकी सांगत होती. पण पिंकी पुढं हेही म्हणाली की त्या दिवशी भाजी कारल्याची होती.

लागण दुसऱ्या दिवशी. म्हणजे हे सगळं पुसलं जाणार. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "जे काय आहे ते ट्रायलला ग्राउंडवर दाखवा. मी शेतात काय बघू?" म्हणून न्हावऱ्याहून पोपटला बोलावलं. पोपटचा फोटो स्टुडिओ आहे, पंचक्रोशीतली सगळी लग्नं तोच काढतो. ट्रॉलीवर चढवला, सांगितलं, "हे अख्खं रान काढ. काड्या दिसल्या पायजेत."

पोपट म्हणाला, "काळजी सोडा."

त्यानं सवयीप्रमाणं पोरींना पुढं उभं केलं. हनुवटी वर, नजर इकडं, बॅटी कात्रीसारख्या आडव्या धरा, पाहुणे थोडे आत या. मी म्हटलं, "अरे पोरी नकोत, खड्डे!" तर म्हणतो, "माणसाबिगर फोटो गिऱ्हाइकाला आवडत न्हाई." फोटो धुऊन आले. पुढं माया आणि पिंकी, जोडीनं, अगदी सुबक. मागं धुकं. आणि त्या धुक्यात एक शेळी तुरीच्या काड्या खाताना स्पष्ट.

तोच फोटो मी तुम्हाला दौंडला दाखवला, आठवतं? तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "हे काय, शेळीपालन योजना?" मांडवातले सगळे हसले. मीही हसलो. विनोद चांगला होता. पण साहेब, विनोदानंतर मी जे सांगत होतो ते ऐकायला तुमच्याकडं वेळ नव्हता, कारण तेवढ्यात भजी आली.

ट्रायलला प्रत्येकीला तीन बॉल. तीन बॉलांत काय कळतं? तीन घास खाऊन पंगतीला नावं ठेवतात, तसली परीक्षा. पण ठीक आहे, नियम तुमचा.

पिंकीचा पहिला बॉल गडगडत गेला, एका पोरीच्या पायातून निसटला. दुसरा खड्ड्यावर उडाला. तिसरा सरळ हातात गेला होता, पण त्या पोरीनं घाईत फेकला तो बेसवरच्या पोरीच्या डोक्यावरून गेला, आणि तोवर आमची पिंकी वाऱ्यासारखी बेसवर. तीन पैकी तीन. मी घरून निघताना सगळ्यांना सांगून आलो होतो की गुळगुळीत मैदानावर पिंकीचं काही खरं नाही. ती माझ्यासमोरून जाताना हळूच म्हणाली, "तात्या, मैदान लई गुळगुळीत हाय का?"

मग माया. पहिला बॉल असा निघाला की आवाज आधी आला का बॉल आधी, कळलं नाही. पण गेला थेट समोरच्या पोरीच्या ग्लोव्हमध्ये. ती पोरगी बॉल झेलून मागं बुडावर बसली आणि उठताना हात झटकत होती. आऊट. दुसरा उंच, लांब, पार कुंपणापाशी. तिथली पोरगी तारेला पाठ लावून उभी होती, तिच्या हातात पडला. आऊट. तिसऱ्याला मायानं हवा मारली.

तीन पैकी शून्य. तुम्ही मान वर न करता टिक मारलीत, फुली मारलीत, आणि म्हणालात, "कागदावर एकोणीस टक्के, इथं शून्य. जुळतंय."

जुळतंय! साहेब, चूक चुकीशी जुळली की तिला तुमच्याकडं पुरावा म्हणतात का?

मी पुढं आलो. म्हटलं, "साहेब, त्या एकोणीसमध्ये ऊस आहे."

"काय आहे?"

मी सगळं सांगितलं. बिबट्या, आबा, नियम, महेंद्र सर. तुम्ही म्हणालात, "तुमच्याच सरांनी लिहून पाठवलंय. आता तुम्हीच म्हणता चूक आहे. शिक्षण किती तुमचं?"

"दहावी नापास. पण बॉलला कुठं विचारलंत तो किती शिकलाय?"

तुमच्या शेजारचे हातात फाईल धरलेले गृहस्थ म्हणाले, "अहो, प्रत्येक गाव असंच सांगतं. आमचा ऊस, आमचा ओढा, आमची म्हैस."

तेव्हा पिंकी पुढं आली. तिची निवड झालेली होती, तिनं गप्प राहायला हरकत नव्हती. ती म्हणाली, "सर, माया उसात मारती म्हणून आऊट. मला उसापस्तोर मारताच येत न्हाई, म्हणून मी नॉटआऊट. एवढंच हाय बघा."

मांडवात हशा पिकला. तुम्हालाही हसू आलं, ते मी बघितलं. आणि त्या हसण्याच्या भरात तुम्ही म्हणालात, "बरं बाबा, एक बॉल. एकच. नवा काढा."

त्याबद्दल तुमचे आभार. हेही लिहून ठेवतो. माणसाचं असेल ते द्यावं.

माया बॅट घेऊन निघाली आणि परत माझ्याकडं आली.

"तात्या, कुठं मारू?"

"तुला वाटंल तिथं मार."

"समोर मारू?"

"मार की."

"समोर आऊट असतंय ना?"

साहेब, ही पोरगी तीन वर्षं समोर न मारायचं शिकत आली आहे. हात समोर जातात, तेव्हा ती ते वळवते. मी तिला म्हटलं, "माया, हितं ऊस न्हाई. बघ तरी. कुठं दिसतोय का ऊस?" तिनं खरोखर मान फिरवून बघितलं. तारेचं कुंपण, त्याच्यामागं भिंत, भिंतीमागं रूळ. मनमाडकडं निघालेली मालगाडी सावकाश खडखडत चालली होती. ऊस नव्हता. तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली.

बॉल आला. तिनं मारला.

त्या वेळी तुम्ही भजी बघत होता, म्हणून सांगतो कसा गेला. तो वर गेला पण फार वर नाही, ज्या उंचीनं घार डोक्यावरून जाते त्या उंचीनं. कुंपणावरची पोरगी दोन पावलं मागं सरली आणि मग तिनं हात खालीच सोडले, नुसती बघत राहिली. कुंपण गेलं. भिंत गेली. मग मालगाडीच्या उघड्या डब्यातून 'ठण्' असा आवाज आला, पातेलं पडल्यासारखा. गाडी थांबली नाही. शेवटच्या डब्यातला गार्ड बाहेर वाकून बघत होता, त्यानं हातातला हिरवा झेंडा उगाचच दोनदा जास्त हलवला.

मांडवातली पोरं ओरडायला लागली. पिंकीनं मायाला उचलली. तुमच्या जिल्ह्याच्या पिचरनंसुद्धा टाळ्या वाजवल्या, जिला तो पडला होता तिनं. मी तुमच्याकडं बघत होतो. तुम्ही मान वर केलीत, "काय झालं?" म्हणून.

आणि फाईलवाले गृहस्थ म्हणाले, "सर, रुळापलीकडं गेला. इथल्या नियमानं आऊट."

मला वाटलं चेष्टा करताहेत.

"म्हणजे?" मी विचारलं.

"अहो, पोरं बॉल आणायला रूळ ओलांडतात. रेल्वे पोलिसांनी दोनदा पकडून नेली. म्हणून इथं आम्ही ठरवलंय, रुळाकडं मारला की आऊट. म्हणजे कुणी मारत नाही आणि कुणी जात नाही."

तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे. ग्राउंड रूल." आणि लिहिलंत. माझ्या डोळ्यांदेखत. आऊट.

पिंकी मोठ्यानं म्हणाली, "तात्या, ह्यांच्यात बी बिबट्या हाय की!"

या खेपेला मांडवात कुणी हसलं नाही. तुम्ही कागद गोळा केलेत, सोळावी जागा अजून भरायची आहे, बघून कळवतो, म्हणालात, आणि गाडीत बसलात.

आम्ही पिकअपमध्ये मागं बसून परत निघालो. चौफुल्याला चहाला थांबलो. पिंकी गप्प होती, ही बातमीच आहे. निवड झालेली पोरगी चोरी केल्यासारखी बसली होती. मायानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली, आणि म्हणाली, "तात्या, मी आता खाली मारायचं शिकते. पिंकीवानी. गडगडत."

"का?"

"सगळीकडंच वरचा आऊट हाय मंग."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. घासाघीस संपल्यावर माणूस भाव मान्य करतो तशी बोलत होती. पिंकी म्हणाली, "यडी का काय तू? तुझ्याच्यानं गडगडत जाणार हाय का? तू बॉलला हळू मारायला गेलीस तर बॉललाच वाईट वाटंल." माया हसली. पण दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर ती आबांच्या रानात एकटी उभी होती, बॉल स्वतःच वर टाकून बॅट वरून खाली मारत होती, मोगरीनं कपडे धोपटावेत तशी. आबा बांधावर बसून ओरडत होते, "माया, वर मार! म्या नियम मोडलाय! वर मार म्हणतो ना!" आणि ती ऐकत नव्हती.

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. तिचे हात वर जायला बघतात, ती ते खाली दाबते. अजून थोडे दिवस गेले तर ती शिकेल. पोरगी हुशार आहे. मग तिचा कागदावरचा आकडा सुधारेल, तुम्हाला जुळेल, आणि दौंडच्या भिंतीवरून जाणारा बॉल जिल्ह्यात कुणाकडंच उरणार नाही.

टीम निघायला फार वेळ नाही. सोळावी जागा रिकामी आहे हे तुमच्याच तोंडचं. मला सबब नको, सहानुभूती नको, 'प्रकरण विचाराधीन' तर मुळीच नको. मालगाडीत पडला तो बॉल तुमच्या हिशोबात काय आहे, ते सांगा. माया टीममध्ये आहे की नाही, ते सांगा. आणि नसेल, तर आज संध्याकाळी ती बॅट घेऊन उभी राहील तेव्हा तिला मी काय सांगू, वर मार की खाली मार, तेही तुमच्या सहीनिशी सांगा.

साहेब, उत्तर द्या.